ग्रह शोधा, पण घाईने सापडू देऊ नका

आपल्या सूर्यमालेत एक ग्रह कमी आहे अशी शंका तुम्हाला अधूनमधून येते का? घाबरू नका. हा विकार जुना आहे आणि चांगल्या घरच्या लोकांनाही होतो. खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा. दुर्बीण मात्र इतक्यात विकत घेऊ नका, ती फार उशिरा लागते.

१. आधी कुणाची तरी चाल बिघडलेली शोधा. एकोणिसाव्या शतकात युरेनस, म्हणजे आपल्या पत्रिकांमधला हर्षल, हिशेबाप्रमाणे चालेना. पॅरिसच्या ल व्हेरिए यांनी त्याला कोण ओढतंय याचं गणित कागदावर मांडलं आणि पत्ता बर्लिनला कळवला. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री योहान गाले यांनी दुर्बीण लावली, आणि सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून हजर! ही गोष्ट पाठ करा. पुढे कुणीही तुमच्यावर शंका घेतली की हीच ऐकवायची.

२. युक्ती एकदा फळली की लगेच दुसरीकडे वापरा. ल व्हेरिए यांनी तेच केलं. बुधाची चालही किंचित चुकत होती, तेव्हा १८५९ मध्ये त्यांनी सूर्याजवळ आणखी काहीतरी असल्याचं सुचवलं. लगेच एका खेड्यातल्या डॉक्टरने ते सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचं कळवलं. ग्रहाचं बारसं झालं, व्हल्कन. डॉक्टरांना लीजन ऑफ ऑनर मिळाला. ग्रह तेवढा मिळाला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बुधाचा हिशेब नव्या गुरुत्वाकर्षणाने चुकता केला आणि व्हल्कनची गरजच संपली.

लक्षात घ्या, दोन्ही वेळी माणूस एकच, पद्धत एकच, आत्मविश्वासही तेवढाच. आपलं गणित नेपच्यूनच्या जातीचं की व्हल्कनच्या, हे आधी कसं ओळखायचं? चांगला प्रश्न आहे. पुढे चला.

३. बापजाद्यांचा पैसा असेल तर स्वतःची वेधशाळा बांधा. बोस्टनच्या धनाढ्य पर्सिव्हल लोवेल यांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला बांधली होती. नेपच्यून धरूनही युरेनसची चाल पुरती जुळेना, म्हणून तिथे ते नेपच्यूनपलीकडचा ‘प्लॅनेट एक्स’ शोधत राहिले आणि १९१६ मध्ये वारले. १९१५ च्या त्यांच्याच फोटोप्लेटांवर प्लुटो उमटला होता, पण कुणाच्या लक्षात आला नाही. अखेर १९३० मध्ये त्याच वेधशाळेत नोकरीला लागलेल्या क्लाइड टॉमबॉ या शेतकऱ्याच्या मुलाने प्लेटा ताडून पाहता पाहता तो पकडला. लोवेल यांचं भाकीत खरं ठरलं म्हणून जयजयकार झाला. भाकितातला ग्रह सुमारे सात पृथ्वींच्या वजनाचा होता. १९७८ मध्ये प्लुटोचा चंद्र सापडला, नीट वजन करता आलं, तर ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास भरलं! पुढे व्हॉयेजर-२ ने नेपच्यूनचं वस्तुमान नेमकं मोजून दिलं आणि युरेनसची उरलीसुरली तक्रारही मिटली. जिच्यासाठी ग्रह शोधला ती गडबड मुळात नव्हतीच. नाउमेद होऊ नका, नाव मात्र लोवेल यांचंच झालं.

४. ग्रह समोर आला तर त्याला ओळखू नका. ही पायरी अवघड वाटते, पण थोरामोठ्यांना सहज जमली आहे. गॅलिलिओ यांनी १६१२-१३ च्या हिवाळ्यात गुरूशेजारी नेपच्यून पाहिला आणि तारा म्हणून टिपून ठेवला. १७९५ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये लालांद यांच्या ताऱ्यांच्या यादीचं काम चालू असताना तो दोन वेगळ्या रात्री टिपला गेला. जागा जुळेनात, म्हणून पहिली नोंद चुकली असं ठरवून टाकून दिली. ग्रहाने आपण ग्रह असल्याचा एकमेव पुरावा दिला होता, तो हस्तदोषात जमा झाला. केंब्रिजचे चॅलिस तर १८४६ च्या ऑगस्टमध्ये मुद्दाम त्यालाच शोधत होते, दोनदा नोंदवूनही बसले, फक्त नोंदी ताडून पाहायला सवड झाली नाही. बर्लिनवाल्यांकडे ताजा नकाशा होता, तेवढंच. सवडीचं महत्त्व इथे शिकून घ्या.

५. आता आधुनिक पद्धत. पुलावर सहा माणसं एकाच बाजूला वाकून खाली बघत असली, तर खाली काहीतरी असणार असं आपण धरून चालतो. जानेवारी २०१६ मध्ये कॅल्टेकच्या कॉन्स्टंटिन बाटीगिन आणि माइक ब्राउन यांनी हेच केलं. नेपच्यूनपलीकडच्या सहा गोठलेल्या गोळ्यांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या. हा योगायोग असण्याची शक्यता ०.००७ टक्के निघाली, म्हणजे पलीकडे सुमारे दहा पृथ्वींच्या वजनाचा ग्रह हवा. यावर काही खवट मंडळी म्हणाली, तुम्ही पुलाच्या एकाच कठड्याकडे पाहिलंत, दुसऱ्या बाजूला वाकलेले तुम्हाला दिसणार कसे? अशांना चहाला बोलवू नका.

हे ब्राउन म्हणजे तेच, ज्यांच्या चमूला प्लुटोच्या तोडीचा एरिस सापडला आणि त्यापायी २००६ मध्ये प्राग इथे खगोलज्ञांच्या परिषदेत प्लुटोचं ग्रहपद गेलं. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, शीर्षकातच खुनाची कबुली देऊन. एक ग्रह घालवल्यावर दुसरा आणून देण्याची जबाबदारी घेणारी माणसं हल्ली दुर्मीळ आहेत.

६. सापडत नसेल तर अंतर वाढवा. तिथून परतणारा सूर्यप्रकाश अंतराच्या चौथ्या घाताने मंदावतो. ग्रह दुप्पट लांब नेलात की तो सोळापट अंधूक होतो आणि तुम्ही सोळापट निर्धास्त. शिवाय तो नेमका आकाशगंगेच्या गर्दीत लपला असणार हे सांगायला विसरू नका. वजनही लवचीक ठेवा, दहाचं पाच-सहावर आलं तरी बोभाटा नको. २०२४ पर्यंत संभाव्य जागांपैकी ७८ टक्के धुंडाळून झाल्या होत्या. म्हणजे काय? तो उरलेल्या बावीस टक्क्यांत आहे.

तरीही लोक पुरावा मागत असतील तर २०१९ चा एक शोधनिबंध पुढे करा. त्यानुसार तो ग्रह नसून विश्वाच्या आरंभीचं कृष्णविवर असू शकेल, पाच पृथ्वींच्या वजनाचं आणि जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद. निबंधात त्याचं खऱ्या मापाचं चित्र छापलं आहे, एक काळा गोल. आपल्याकडे राहू-केतूंना कुणी दुर्बिणीतून दाखवा म्हणत नाही, आणि त्यांचं काम मुळीच अडलेलं नाही.

७. धोक्याची सूचना. चिलीत व्हेरा रुबिन वेधशाळा उभी राहिली आहे. ८.४ मीटरचा आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, दर काही रात्रींनी दक्षिणेचं अख्खं आकाश, आणि हे दहा वर्षं. असल्या यंत्रापुढे ग्रह सापडण्याची भीती असते. तेव्हा अनुदानाचा अर्ज आत्ताच भरा. ‘अपेक्षित कालावधी’च्या रकान्यात ग्रहाची एक फेरी धरा, दहा ते वीस हजार वर्षं, आणि मुदतवाढीचा हक्क राखून ठेवा.