उभ्या उभ्या

“मी मालिका बघत नाही हं,” असं म्हणून पुढची वीस मिनिटं फक्त मालिकांवर बोलणारा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झालेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकेची मसाल्याची कंपनी तीनशे कोटींची झाली, त्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने हिशेब मांडलेला होता. “किलोला सहाशे धरा. पन्नास लाख किलो मसाला विकायला हवा. पाच हजार टन! गोदाम कुठंय? टेम्पो कुठंय? अहो, एवढी मिरची कांडली आणि एक माणूस शिंकला नाही आजवर!” आजवर कुणी शिंकलं नाही, हे छातीठोकपणे सांगायला एकूण एक भाग बघावा लागतो. पण हे त्यांना कोण सांगणार?

शिवाय त्यांच्या हिशेबी ते बघतच नाहीत. कारण ते बसत नाहीत. बसून बघणं म्हणजे बघणं. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून, पाणी प्यायला निघालेल्या माणसासारखे उभे असतात. आठ ते साडेआठ. जाहिराती लागल्या की खरोखरच पाणी पितात आणि त्या संपायच्या आत चौकटीत हजर. काकू सोफ्यावरून म्हणायच्या, “अहो, बसा तरी!” त्यावर ठरलेलं उत्तर, “मला कुठे बघायचंय?”

‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. आप्पांनी नोंद ठेवली. त्यांच्या ‘कालनिर्णय’वर दुधाच्या हिशेबाखाली, बारीक अक्षरात, दर पंधरवड्याला लिहिलेलं मी स्वतः वाचलंय: ‘जा. – अजून नाही.’

पुस्तकंही ते वाचत नाहीत, चाळतात. उभ्यानेच, खिडकीपाशी. वाचनालयातून त्यांच्यानंतर कादंबरी आणली, की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऱ्हस्व-दीर्घ पेन्सिलीने दुरुस्त केलेले सापडतात. एकदा तर खुनी कोण ते कळतं त्याच पानावर, समासात, ‘हे पृ. ४० वरच ओळखले’ असं होतं.

दोष त्यांचा एकट्याचा नाही, गावाचा आहे. १९३३ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली, तिचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, पुढे प्रभातच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आलं. तेव्हापासून लॉ कॉलेज रस्त्याने नुसतं चालत जाणाऱ्यालाही पटकथेतलं कळतं. आप्पा तर तिथून रोज फिरायला जायचे.

बातम्यांचं वेगळं काय असणार? २३ नोव्हेंबर २०१९ची सकाळ आठवा. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असा मथळा छापून वर्तमानपत्रं दारात पडली होती आणि टीव्हीवर फडणवीस आणि अजित पवार शपथ घेताना दिसत होते. आमच्या इमारतीतल्या सगळ्या घरांच्या बेल वाजवून ही बातमी कुणी दिली? “मी न्यूज चॅनल लावत नाही. कसला तो आरडाओरडा! सहज लागलं होतं.” सकाळी सकाळी झालेली शपथ सहज लागलेली बघणारा हा एकच इसम. २०२२ साली आमदार गुवाहाटीला गेले, तेव्हा चॅनलवाले दिवसचे दिवस एका हॉटेलचं फाटक दाखवत होते. आप्पांनी त्या फाटकाचंही परीक्षण केलं. “कॅमेरा हलवा म्हणावं जरा. दृश्याला खोली नाही.”

टीआरपीच्या घोटाळ्याचा बोभाटा झाल्यावर टीआरपी मोजणाऱ्या ‘बार्क’ने ऑक्टोबर २०२०मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात ओरडा काही कमी झाला नाही. माझा अंदाज असा, की हा सगळा धंदा आप्पांसारख्यांच्या जिवावर चालतो. आवडीने बघणारा पेंगतो, चॅनल बदलतो, जेवायला उठतो. शिव्या देणारा जागचा हलत नाही. त्याला उद्याचा मसाला हवा असतो.

टाळेबंदीत चित्रीकरणं बंद पडली, तेव्हा हे फार जाणवलं. जुनेच भाग दाखवत होते. नवीन चूक नाही, नवीन हिशेब नाही. आप्पा मास्क लावून गॅलरीत उभे असायचे आणि रिकाम्या रस्त्याबद्दल काहीही बोलायचे नाहीत. जुलैत नवे भाग सुरू झाले, त्या रात्री साडेआठला त्यांचा फोन आला. “अहो, दोघं सहा फुटांवरून भांडतायत! भांडणाला रंगच नाही!” खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पुढे काकू गेल्या. सांत्वनाचे दिवस उलटल्यावर सहज म्हणून गेलो. आठ वाजून गेले होते, टीव्ही चालू होता, सोफा रिकामा. आप्पा चौकटीतच. मला बसवलं काकूंच्या जागी आणि दोन वर्षांची मागची गोष्ट अशी सांगितली, की माझ्यासारख्या नवख्यालाही सगळी नाती लागली. काकूंना डुलकी लागली, की राहिलेलं कथानक त्यांना रोज असंच मिळत असणार. आणि त्या मुद्दाम डुलकी घेत असाव्यात, अशी मला दाट शंका आहे.

गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी हद्द केली. “गुरुवारी मुलीकडे जायचंय, सिंहगड रोडला. तेवढा एक भाग तुम्ही बघून ठेवा.”

“मोबाइलवर नंतर बघता येतो की, आप्पा.”

“छे! तो मुद्दाम लावावा लागतो.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना जुगाराच्या अड्ड्यावर बोलावत होतो. “मुद्दाम बघणाऱ्यातला मी नाही.”

मी बघितला. सोफ्यावर बसून, वही घेऊन. शुक्रवारी सकाळी अहवाल दिला. नायिका रडली, सासू आली, वकिलाने कागद दिला. आप्पांनी चष्मा काढून पुसला.

“वकिलाने पांढरे बँड लावले होते?”

लक्षात नव्हतं.

“अहो, मग बघितलंत काय?”