बिआंका की फ्लोरा?

अहो काकू, जरा कठड्याशी या हो. मधल्या फळीमुळे तुम्ही दिसतच नाही. काल रात्री तुमच्याकडे बापलेकांचं चांगलंच जुंपलं होतं, नाही का? मला आधी वाटलं, परीक्षेचे मार्क की काय. मग "फायनल फँटसी" कानावर पडलं, पाठोपाठ "ड्रॅगन क्वेस्ट", आणि म्हटलं, चला, घरातलं काही नाही. हे भांडण जपानात चाळीसेक वर्षं चालू आहे, आता निशिकासाईत आपल्या मजल्यावर आलं एवढंच.

नाही हो, धाडधाड गोळ्या घालायचे खेळ नव्हेत हे. गोष्टीचे आहेत. चारजणांची टोळी घ्यायची, गावोगाव हिंडायचं, राक्षस मारायचे, पैसे साठवून बरीशी तलवार घ्यायची की पुढचं गाव. दोन्हीकडे मूळ हेच. थोरला ड्रॅगन क्वेस्ट, एनिक्स कंपनीचा, मे १९८६चा. युजी होरी हा मासिकांत लिहिणारा माणूस, त्याच्या डोक्यातून निघालेला. चित्रं आकिरा तोरियामाची. हो, तोच, नातवाच्या टीशर्टावरचा ड्रॅगन बॉलवाला. गेला बिचारा २०२४ साली. धाकटा फायनल फँटसी, स्क्वेअर कंपनीचा, डिसेंबर १९८७चा. त्याचा कर्ता हिरोनोबु साकागुची.

होरीचं डोकं कसं चालतं बघा. त्या काळी जपानी पोरांना असला खेळ ठाऊकच नव्हता. मग त्याने काय केलं, सुरुवातीलाच नायकाला राजाच्या दालनात बंद करून ठेवलं. तिथल्या पेट्या उघडा, किल्ली घ्या, दार उघडा, जिना उतरा, तेव्हा कुठे बाहेर पडाल. बाहेर पडेपर्यंत पोरगं खेळायला शिकलेलं असतं आणि आपल्याला कुणी शिकवलं याचा त्याला पत्ताही नसतो. असा मास्तर मिळायला भाग्य लागतं!

छळही कमी नाही केला म्हणा. पहिल्या दोन खेळांत आपण कुठवर आलो ते यंत्रात साठवायची सोयच नव्हती. राजा एक मंत्र सांगायचा तो वहीत उतरवायचा, आणि दुसऱ्या खेळात तो बावन्न अक्षरांपर्यंत जायचा. टीव्ही धूसर, जपानी अक्षरं एकासारखी एक. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. तरी वेड बघा, तिसरा खेळ १९८८च्या फेब्रुवारीत आला तो नेमका बुधवारी, आणि शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली शेकडो पोरं पोलिसांनी धरली. पुढे बरीच वर्षं हे खेळ सुट्टीच्याच दिवशी यायचे. सरकारने तसा कायदा केला म्हणतात, ती मात्र निव्वळ थाप.

आता तुमचे चिरंजीव फायनल फँटसीवाले का, ते सांगते. पुण्यात वाढले ना! जपानाबाहेर नाव गाजलं ते १९९७च्या सातव्या भागाचं. त्यात एअरिथ नावाची गोड पोरगी अर्ध्या वाटेत मरते आणि जगभरची पोरं ढसाढसा रडली. तिला जिवंत करायचे उपाय शोधत बसली होती म्हणे. ड्रॅगन क्वेस्ट अमेरिकेत बरीच वर्षं ड्रॅगन वॉरियर या नावाने विकला जायचा, आणि पहिला तर मासिकाच्या वर्गणीवर फुकट वाटला. मग आपल्याकडे कुणाला ठाऊक असणार? तुमचा नातू इथे वाढला, त्याला ड्रॅगन क्वेस्टमधला तो निळा, हसरा, थेंबासारखा स्लाइम राक्षस पाळण्यापासून माहीत.

आणि हा धाकटा म्हणजे दर वेळी राहतं घर पाडून नवं बांधणारा माणूस. नवी दुनिया, नवी माणसं, लढायची रीतही नवी. ओळखीचं काय, तर तो पिवळा चोकोबो पक्षी आणि सिड नावाचं कुणीतरी. चौदावा भाग २०१०मध्ये इतका आपटला की त्यांनी खेळातच आभाळातून संकट पाडून ती दुनिया बुडवली आणि २०१३मध्ये पुन्हा नव्याने उघडली. हिंमत म्हणायची! थोरल्याला ती हौस नाही. २०१७च्या अकराव्या भागातसुद्धा आधी तू मार, मग मी मारतो. लोक त्याला जुनाट म्हणतात. मला विचाराल तर तेच अवघड. नव्याचा झगमगाट न करता माणसाला शंभर तास बसवून ठेवायचं म्हणजे गोष्टच तशी लागते.

पाचव्या भागाचंच घ्या, १९९२चा. पोराच्या डोळ्यांदेखत बाप मरतो, पोरगा दहा वर्षं गुलामीत काढतो, आणि मग येतं लग्न. एकीकडे बिआंका, लहानपणची सवंगडी. दुसरीकडे फ्लोरा, गडगंज बापाची लेक, आणि जी दैवी ढाल नायकाला हवी असते ती नेमकी या बापाकडे, जावयाला द्यायची म्हणून राखलेली. एक रात्र मिळते विचार करायला. गावात हिंडलं तर फ्लोरा गाढ झोपलेली आणि बिआंका जागी. बघा की नाही लबाडी होरीची! सकाळी दोघींना सोडून फ्लोराच्या बापापुढे उभं राहिलं तर तो गडबडतो, "मी?" म्हणून. आणि बिआंकाला निवडलं तरी हा गृहस्थ ढाल देतो, वर लग्नाचा खर्चही करतो. नाकारलेल्या मुलीचा बाप, काकू! पुढे पोरांच्या केसांचा रंगसुद्धा आईप्रमाणे, सोनेरी नाहीतर निळा.

दोन्ही कंपन्या? अहो, त्या २००३मध्ये एकच झाल्या. स्क्वेअरने सिनेमा काढून हात पोळून घेतले होते, मग एनिक्सशी जमवलं. २०२१च्या तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडू आत आले ते ड्रॅगन क्वेस्टच्या सुरावर, मागून फायनल फँटसीही वाजलं. वर त्यांचं एकच दुकान, आणि खाली तुमच्या घरात महाभारत.

मी? मी फ्लोराशीच लग्न लावलं. सासरा पैसे धाडतो, भेटी धाडतो, कशाला सोडायचं? आमचे हे बिआंकावाले, अजून मला व्यवहारी म्हणून टोमणे मारतात. तुमच्या नातवाने कोण केली, विचारा बरं आज. फ्लोरा असेल तर माझ्याकडे पाठवा, चकल्या ठेवल्यात. बिआंका म्हणाला तर ह्यांच्याकडे, ऑफिसातून आल्यावर.