नसलेल्या पुलाचे कायदे

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात एलिझाबेथ नदीवर १९२८ पासून उभा असलेला, जहाज आले की आपला मधला भाग अदबीने वर उचलून धरणारा जॉर्डन पूल २००८ साली बंद झाला आणि २०१२ साली तेथे असा उत्तुंग, अचल पूल उभा राहिला की, ज्याच्या खालून जहाजांनी कोणाचीही परवानगी न मागता निघून जावे. भोळ्या माणसास वाटते, पूल गेला म्हणजे त्याचे नियमही गेले. परंतु लोखंड मोडीत काढणे सोपे, नियम मोडीत काढणे अवघड. अशा उचलपुलांनी केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे याविषयीची जी कलमे संघराज्याच्या नियमसंहितेत, तेहतिसाव्या शीर्षकाखालील ११७ व्या भागात, नोंदलेली असतात, ती तटरक्षक दलाने रीतसर फर्मान काढल्यावाचून दप्तरातून हलत नाहीत. त्या फर्मानात, जनतेच्या हरकती मागविणे येथे अनावश्यक होय, हे प्रशासकीय कार्यपद्धतीविषयीच्या १९४६ च्या कायद्याचा दाखला देऊन सिद्ध केले जाते (पूलच नाही, ही सबब एकटी पुरेशी नसावी). मग लघुउद्योग, आदिवासींची शासने, राज्यांचे अधिकार, पर्यावरण या सर्वांवर या निरसनाचा काय परिणाम होईल, याची धीरगंभीर छाननी होते. आणि निदर्शकांच्या घटनादत्त हक्कांविषयी दलास आदर असल्याची ग्वाहीही कित्येकदा मिळते. नसलेला पूल उघडत नाही म्हणून कोणी सत्याग्रह आरंभिलाच, तर त्याने आदेशात नमूद केलेल्या अधिकाऱ्याशी आगाऊ संपर्क साधावा, अशी विनंती असते.