सांडलं तर सांडू द्या

आईच्या त्यागावरची भाषणं आता पुरे.

मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे मातृदिन, आला की देगलूरातल्या निम्म्या मोबाईलांच्या स्टेटसवर डोळ्यांत पाणी असलेली एक आई येऊन बसते. ती उपाशी असते, फाटकं नेसते, लेकरांपायी झिजत असते. अशा बाया मी पाहिल्यात. दुष्काळात आपली भाकर लेकराच्या ताटात सरकवणाऱ्या माझ्या आजोळीच होत्या, त्यांना माझा दंडवत. पण माझा संसार त्या चित्रात कोंबू नका. मला या घरात सुख मिळालंय. आणि ते बहुतेक वेळा नेमकं त्या दिवशी मिळालंय, ज्या दिवशी घरात काहीतरी बिघडलं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्याकडं नळ रोज सुटत नाही. सुटला की घरातला प्रत्येकजण आपापल्या कामावर. थोरली हंडे सारते, धाकटा मोटार लावतो, सासूबाई ओसरीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडतात. त्या दिवशी धाकट्यानं मोटार लावली आणि क्रिकेट बघायला बसला. टाकी भरली, वाहिली, पाणी जिन्यानं उतरलं ते थेट अंगणात वाळत घातलेल्या उडदाच्या डाळीत. "अरे लेकरा, काय करायलास!" सासूबाई ओरडल्या. तो धावला आणि घसरला. त्याला उचलायला त्याचे बाबा धावले, तेही घसरले. थोरलीला हसू आवरेना, हातातला हंडा कलंडला. मग सासूबाईंनाच हसू फुटलं. त्यांचं ते मोकळं हसणं मी लग्न होऊन आल्यापासून फार थोड्या वेळा ऐकलंय.

डाळ भिजलीच होती. रात्री तिचे वडे केले. गल्लीत तीन घरी वाटले.

या सगळ्यात माझा त्याग कुठं आहे, कुणी दाखवून द्यावं. मी तिथं सगळ्यांत श्रीमंत बाई होते.

मराठीत अशी आई लिहिलीच गेली नाही, असं नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं आणि महाराष्ट्रानं ते छातीशी धरलं, धरावं असंच ते आहे. पण त्यानंतर दोनेक वर्षांतच लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला, १९३६ पर्यंत पुढचे भाग आले. त्यातली आई आपण तितक्या जवळ का घेतली नाही? लक्ष्मीबाईंचं शाळेतलं शिक्षण नव्हतं. नवरा कवी, मनस्वी. घरात पैसा आला की तो टिकायचा नाही, आणि केव्हा उठून कुठं निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि संसाराचे दोन तुकडे पडले. काही वर्षांनी या बाईनं तो पुन्हा उभा केला. आपल्या लेकरांबरोबर परक्यांची लेकरं घरात घेतली. नगरच्या त्या घरात बालकवी ठोमरेसुद्धा राहून गेले. एवढं सोसून म्हातारपणी ही बाई लिहायला बसते, तेव्हा घरातले गोंधळ, फजित्या, भांडणं किती जीव लावून सांगते! तिला कुणाची कीव नको आहे. आपल्या माणसांच्या वेडेपणासकट तिला तो संसार आवडलाय. मातृदिनाला भेट द्यायचीच असेल तर साडीऐवजी हे पुस्तक द्या, आणि देण्याआधी स्वतः वाचा.

आता कुणी म्हणेल, पाणी सांडलं, डाळ भिजली, यात सुख मानण्यासारखं काय आहे?

माझ्या वयाच्या बायांना विचारा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्हाला आठवते. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, माणसं दमून झोपली होती, आणि चारला थोडा अवकाश असताना भुई हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर आल्या. हजारो गेले. आमच्याकडं घरं उभी राहिली, तरी कितीतरी रात्री आम्ही लेकरं अंगणात निजलो. आमच्या आया उशाशी जाग्या असायच्या. आणि एवढं मागं तरी कशाला जायचं? ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात रातोरात पाणी चढलं. हसनाळ, रावणगावात घरं बुडाली, माणसं दगावली, सैन्य बोलवावं लागलं. त्या गावांतल्या एखाद्या माउलीला अंगणातल्या भिजलेल्या डाळीचं काय मोल वाटेल, हे मला विचारू नका. मी त्या बातम्या ऐकत होते तेव्हा धाकट्यानं दुधाचं पातेलं उपडं केलं. मी त्याला जवळ ओढला, आणि ओट्यावरचं दूध तसंच खाली गळत राहिलं.

पण संकटाशी ताडून पाहिल्याशिवाय सुख दिसतच नाही, असंही मला म्हणायचं नाही. दुसरं एक कारण आहे आणि ते आमच्या भागातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. आमची लेकरं फार लवकर घर सोडतात.

दहावीचा निकाल लागला की देगलूर, मुखेड, बिलोलीची पोरं बॅगा भरतात. कुणी नांदेड, कुणी लातूर. डॉक्टर व्हायचं, नीट द्यायची, म्हणजे लातूर गाठायचं, हे आता घराघरांत ठरलेलंच. माझी थोरली जूनमध्ये उदगीरमार्गे लातूरला गेली. सोळा वर्षांची पोर. खोलीत तीन मुली, मेसचा डबा, रात्री दहाला फोन. ती गेल्यापासून तिच्या खोलीतली चादर चुरगळलेली नाही. आरशावर टिकल्या चिकटलेल्या नाहीत. माझी शाल तिच्या कपाटात सापडत नाही, कारण ती माझ्याच कपाटात घडी घालून असते. भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, घर किती टापटीप ठेवलंय हो! टापटीप मी ठेवलेलं नाही. पसरणारी पोर गावाला गेली आहे.

म्हणून लहान लेकरांच्या आयांना माझं हात जोडून सांगणं आहे. भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून त्याला मारू नका. भिंत पुढच्या दिवाळीला रंगवता येते. आणि रेघोट्या ओढायला लेकरू घरात आहे, हेही कमी नाही. दिवाळी सरली की मुखेड-कंधारकडची कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी लेकराला ट्रॅक्टरवर बसवून फडात नेतं, कुणी म्हातारीपाशी ठेवून जातं. त्या आईला विचारा, भिंतीवरची एक रेघ पुसायला हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तिच्या हाताला सवड मिळते का.

एवढं सगळं ऐकून घरातल्या पुरुषमंडळींनी खूश होऊन पाय पसरू नयेत. मी सुखी आहे म्हणाले, मोलकरीण आहे म्हणाले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, असं दिसलं. पुरुषाची ८८. मागच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषानं आपली नऊ मिनिटं काढून घेतली! हा मला सरळ अन्याय वाटतो. आणि तो टिकून राहतो तो त्यागाच्या त्याच चित्राच्या आधारानं. आईला देव्हाऱ्यात बसवलं की तिच्या हातातली खरकटी भांडी कुणाला दिसत नाहीत. दूध सांडलं याचा मला राग नाही. सांडलेलं पुसायला दर वेळी मलाच हाक येते, याचा आहे. आमच्या घरी आता ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं, असं ठरलंय. धाकटा फडकं फार वाईट फिरवतो, फरशी चिकट राहते. राहू दे. हात बसेल.

हात बसवायला आता वेळ अमावस्या आलीच आहे. लातूर, धाराशिव आणि आमच्या या सीमेकडच्या भागात हा वर्षाचा मोठा दिवस. सारं गाव रानात जातं, बाजारपेठ ओस पडते. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि पंगत बसवायची. भज्जी, उंडे, खीर, आंबिल. बाहेरचे लोक याला हुरड्याची सहल समजतात. आमच्यासाठी हे काळ्या आईचं देणं आहे. वर्षभर जिचं खाल्लं तिला आधी भरवायचं, मग आपण जेवायचं. मामंजी होते तेव्हा एका वर्षी नणंदेच्या डोक्यावरची आंबिलाची बिंदगी बांधावर निसटली. सगळ्या पंगतीचं आंबिल मातीत. ती पोर रडायला लागली. मामंजी म्हणाले, "भुईला तहान लागली होती, तिनं आधी घेतलं." शेजारच्या शेतातून लगेच एक घागर आली, दुसऱ्या बांधावरून आणखी एक. त्या वर्षी आम्ही तीन घरांचं आंबिल प्यालो.

थोरलीला सुट्टी आहे, आदल्या रात्री येते आहे. यंदा भज्जी धाकटा आणि त्याचे बाबा करणार. तुरीचे दाणे सोलण्यापासून बेसन लावण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडं. मी आणि सासूबाई कोपीत बसणार. चिंच जास्त पडेल, खाली लागेल, बेसनाच्या गुठळ्या होतील. झाल्या तर झाल्या. काळ्या आईला नैवेद्य त्याच भज्जीचा दाखवू आणि आम्हीही तीच खाऊ.