एका साहेबाऐवजी चाळीस

नोकरीत हिशेबनिसाला साहेब एकच असतो. त्याला कंटाळून तो राजीनामा देतो, घरच्या हॉलमध्ये टॅली बसवतो, दारावर पाटी लावतो आणि बघता बघता चाळीस साहेबांच्या तावडीत सापडतो.

पूर्वी महिन्यात तारीख एकच, पगाराची. आता 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी. हार्डवेअरवाले शेठ खरेदीची बिलं पिशवीत कोंबून 19 च्या रात्री आणतात, वर "सावकाश करा" म्हणतात. दुसऱ्या दिवशी पोर्टलही सावकाशच चालतं. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क, व्यवहार शून्य असला तरी 20. शेठच्या मते ते हिशेबनिसानेच भरायचं. बिलं वेळेत दिली होती ना!

व्यवसाय कर पूर्वी पगारातून परस्पर कापला जाई: महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. आता वर्षाचे तेच 2,500 स्वतःच्या हाताने भरायचे. रक्कम तीच, पण आताच टोचते.

फी? ती दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर, ते शेठ सांगत नाहीत. आणि चाळीस जणांची येणी पै-पैने जुळवणाऱ्या या गृहस्थाने स्वतःची बिलं एप्रिलपासून पाठवलेलीच नाहीत. वेळ कुठे आहे?