आतल्या गोटातले

बातमी सांगायची असली की हे गृहस्थ आधी इकडेतिकडे बघतात. मग शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून आवाज खाली आणतात. “तुम्हाला म्हणून सांगतो. माझं नाव कुठे येता कामा नये.” तोवर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची आणखी चार माणसं सरकत जवळ आलेली असतात. मग बातमी पाचही जणांना ‘म्हणून’ सांगितली जाते.

वय साठीच्या पुढे. पायात पांढरेशुभ्र बूट, आणि त्यांचे तळवे अजून कोरे. मैदानाला रोज तीन फेऱ्या मारा, असं डॉक्टरांनी बजावलंय, पण जवळपास सव्वा किलोमीटरच्या त्या फेरीला कट्टा सगळीकडून लागूनच आहे, त्याला ते काय करणार?

मंत्रालयात सहाव्या मजल्यावर, म्हणजे थेट मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात, त्यांचा ‘माणूस’ आहे. खोदून विचारलं तर तो साडूच्या मित्राचा मेहुणा निघतो आणि नोकरी मंत्रालयात नव्हे, समोरच्या इमारतीत करतो. “पण खिडकी तिकडेच उघडते ना!” हे त्यावरचं उत्तर.

२२ नोव्हेंबर २०१९च्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी जाहीर केलं. ते ऐकून कट्टा घरी गेला. दुसऱ्या दिवशी लोक चहाबरोबर तोच मथळा वाचत होते आणि टीव्हीवर राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते. पहाटे ५.४७ला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमाराला शपथविधी उरकला. संपादकांपासून आमदारांपर्यंत सगळा महाराष्ट्र तोंडात बोट घालून बसला. चकित झाला नाही तो एकच माणूस. “मला रात्रीच कळलं होतं,” ते कट्ट्यावर म्हणाले. मग बोलला का नाहीत? “तसा शब्द दिला होता.”

ते सरकार चौथ्या दिवशी गेलं. हेही त्यांना माहीत होतं. मग ठाकरे यांच्या २८ तारखेच्या शपथविधीसाठी खुद्द शिवाजी पार्कात मांडव उभा राहू लागला. बांबू उतरत होते, खुर्च्यांचे ट्रक लागत होते, आणि मैदानाकडे पाठ करून हे सांगत होते, “हा सगळा देखावा. खरा शपथविधी राजभवनावरच. लिहून ठेवा.” शेवटची काही वाक्यं तर माईक टेस्टिंगमुळे कुणाला ऐकूच आली नाहीत.

त्याआधी, २०१६च्या नोटबंदीत, दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असून ती जमिनीखाली १२० मीटरवरूनही उपग्रहाला दिसते, अशी आवई देशभर उठली होती. यांनी ती ऐकली नव्हती, ‘तपासली’ होती. उन्हात नोट धरून गांधीजींच्या चष्म्याजवळची चिप त्यांनी सगळ्यांना दाखवली. एक निवृत्त इंजिनियर म्हणाले, “मला काही दिसत नाही.” “दिसली तर चिप कसली?” या मुद्द्यावर इंजिनियरही निरुत्तर झाले. २०२३च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा यांनी एवढंच म्हटलं, “चिपची बॅटरी संपली.”

इतकं होऊनही कट्टा त्यांच्याभोवतीच का जमतो? कारण खरी बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी येते, त्यात कुणाला मान नाही. यांची बातमी मात्र खास आपल्यासाठी आलेली असते. आयुष्यभर साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळलेल्या माणसाला कुणीतरी आत घेतं, दार लावून घेतं आणि विश्वासाने सांगतं. बातमी खोटी निघाली तरी तो मान खरा असतो. म्हणून घरी जाऊन हाच माणूस बायकोला म्हणतो, “तुला म्हणून सांगतो.”

गोटाचा एक नियम मात्र कडक आहे. ज्याची बातमी, त्याला सोडून सगळ्यांना. त्यामुळे यांच्या चिरंजीवांनी ऑफिसातल्या मुलीशी लग्न ठरवल्याचं गेल्या वर्षी आख्ख्या कट्ट्याला ठाऊक होतं. मुलगी कुठली, हॉल कुठला, आचारी कोण, इथपर्यंत चर्चा होऊन गेली होती. मुलाने दम धरला होता तो फक्त वडिलांना सांगायला, कारण त्यांना सांगणं म्हणजे दवंडीच.

अखेर एका सकाळी हे लगबगीने आले. इकडेतिकडे बघितलं, शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या मुलाचं ठरलंय.”

“काय सांगता!” सगळा कट्टा एका सुरात ओरडला. त्या निवृत्त इंजिनियरांनी तर कपाळावर हात मारून घेतला. “कुणाला पत्ता लागू दिला नाहीत! पण बातमी पक्की आहे का?”

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “शंभर टक्के. नाव कुठे घेऊ नका, पण थेट स्वयंपाकघरातून आलीय.”