घरच्या घरी ट्यूब ओव्हरड्राइव्ह : कोठीपासून कर्कशापर्यंत

आधी एक खुलासा. गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलांमधलं बहुधा सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर. तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला आणि त्यात ट्यूब नाही. आत आहे एक आठ पायांची ४५५८ चिप आणि सिलिकॉनचे दोन डायोड. तेव्हा खरी ट्यूब बसवायला निघालेल्या नवशिक्याने मनाशी एवढं मान्य करावं, की ज्या आवाजाच्या मागे तो लागलाय तो बराचसा बिनट्यूबचा आहे. मान्य नसेल तरी पुढे वाचा. या छंदात मान्य करण्यावाचून काही अडत नाही.

पायरी पहिली : खरेदी. हैदराबादेत सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी कोठीची गुजराती गल्ली गाठायची. वाटेत ट्रूप बझारात ‘ट्यूब’ मागितलीत तर ट्यूबलाइट दाखवतील, म्हणून सरळ नंबर सांगा : १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३. रेझिस्टर, कॅपॅसिटर, ट्यूबच्या आधी बसणारी चिप, नऊ पिनांचा सॉकेट यांची चिठ्ठी करून न्या. दुकानदार ‘परसों आव’ म्हणाला तर परवा जाऊ नका. नवी रशियन किंवा स्लोव्हाक ट्यूब ऑनलाइन मागवा.

काचीगुड्यातल्या मराठी घरांच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्ह (म्हणजे ट्यूबचाच) रेडिओ असतो, हेही खरं. त्याला हात लावू नका. तो कित्येक वर्षं बंद असला तरी ‘चालू आहे’ अशीच आजोबांची अधिकृत भूमिका असते. शिवाय आत निघतात ईसीएच८१, ईबीएफ८९ असले व्हॉल्व्ह. आजोबांशी भांडण करूनही ते आपल्या कामाचे नाहीत. रेडिओ दुरुस्त करणारा एखादा म्हातारा मिस्त्री भेटला आणि त्याच्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप असलेली ईसीसी८३ निघाली, तर भाव करत बसू नका.

पायरी दुसरी : वीज. इथे गंमत थांबवतो. खऱ्या गिटार अॅम्प्लिफायरमध्ये या ट्यूबच्या प्लेटला दोन-अडीचशे व्होल्ट मिळतात. तेवढं व्होल्टेज जीव घेऊ शकतं, आणि कॅपॅसिटर ते प्लग काढल्यावरही धरून ठेवतात. नवशिक्याने १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवरच काम करावं. ४ आणि ५ नंबरच्या पिनांना १२ व्होल्ट द्या, ९ नंबरची पिन मोकळी सोडा. फिलामेंट सुमारे १५० मिलिअँपिअर खातं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मुळात अपुरी, वर एवढ्या भाराखाली बघता बघता संपते. अॅडॉप्टर निदान अर्ध्या अँपिअरचा घ्या आणि टोक तपासा : बहुतेक गिटार पेडलांना मध्यभागी निगेटिव्ह लागतो, घरात पडलेल्या बहुतेक अॅडॉप्टरांना मध्यभागी पॉझिटिव्ह असतो. दहा मिनिटांत प्रकल्प संपवायचा असेल तर हे तपासू नका. नसेल संपवायचा तर वाटेत एक १एन४००१ डायोड घाला.

पायरी तिसरी : डबा. अॅल्युमिनियमचा घ्या. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याकडे वळलेली नजर परत वळवा. स्टीलला भोक पाडताना ड्रिल घसरतं, आणि आईला डाळीचा डबा कुठे गेला ते कळतंच.

पायरी चौथी : सोल्डरिंग. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, रोझिनचं सोल्डर, खिडकी उघडी. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. बोट भाजलं की उरलेलं समजतं.

पायरी पाचवी : चालू करणं. अर्धा मिनिट काहीच होणार नाही, फिलामेंट तापतंय. मग एक अंधुक नारिंगी ठिपका दिसेल. जास्त उजेड हवा असेल तर ट्यूबच्या मागे एलईडी लावा. बाजारातली काही तयार पेडलंही हेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यानंतर आवाज यायला हवा. नुसती घूं येत असेल तर अर्थिंग बघा. आकाशवाणी लागली तर गिटारची वायर शिल्डेड आहे का ते बघा, आणि बातम्या संपेपर्यंत बंद करू नका.

पायरी सहावी : सुधारणा. पेडल व्यवस्थित वाजू लागलं की ते उघडण्याची वेळ झाली. कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून ०.६८ घाला : खर्ज पातळ होतो, मधला आवाज पुढे येतो. १२एएक्स७ उपसून १२एयू७ लावा, पिना त्याच : गुणक १०० वरून वीसच्या आसपास येतो आणि १२ व्होल्टवर ही ट्यूब उलट जास्त सुखाने वागते. पुढे सिलिकॉनचे डायोड घातले तर आवाज साधारण ०.६ व्होल्टला कापला जातो, जर्मेनियमचे घातले तर त्याच्या निम्म्याला, लाल एलईडी घातले तर दीड-पावणेदोनला. यातला प्रत्येक फरक मोजता येतो. खोलीबाहेर बसलेल्या माणसाला तो ऐकू येतोच असं नाही. त्याला विचारायला जाऊ नका; तो ‘मघाचंच बरं होतं’ म्हणतो, आणि मघाचं कुठलं हे आता तुम्हालाही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बदल वहीत लिहा, एका वेळी एकच करा.

माझं मत विचाराल तर १२ व्होल्टवरची ट्यूब हा पेडलातला सर्वांत देखणा आणि सर्वांत कमी काम करणारा भाग आहे. आवाज पुष्कळसा तिच्या आधीच्या चिपमध्ये घडतो. तरीही ट्यूब बसवाच. चिप बघायला शेजारी येत नाहीत.

एवढं करून आवाज अजून मेलेला वाटत असेल, तर कोठीला परत जाण्याआधी गिटारच्या तारा बदला. गंजलेल्या तारांवर कुठलाही कॅपॅसिटर चालत नाही.